गोळ्या कुठल्या घेता?

इंटर्नशिपचा तिसरा आठवडा. रात्री साडेदहाला कॅज्युअल्टीत एक ताई लंगडत आल्या, सोबत त्यांच्या गुरू. डावी पोटरी सुजून टणक झालेली, हात लावला तर गरम. आधार कार्डावर पुरुषाचं नाव, म्हणून केसपेपरच्या खिडकीवर अर्धा तास गेला होता.

मी कागद हातात घेतला आणि अडलो. हाक कोणत्या नावाने मारू? तपासायला कुठे नेऊ, बायकांच्या बाजूला की पुरुषांच्या? एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत तृतीयपंथी माणूस मला भेटला तो फक्त न्यायवैद्यकाच्या पुस्तकात, तोही लैंगिक गुन्ह्यांच्या प्रकरणात. गोंधळून मी विचारलं, "ऑपरेशन झालंय का?" सुजलेल्या पायाशी त्याचा काय संबंध होता? सिस्टरनीही तेच विचारलं, मग वॉर्डातल्या मामांनीही. ताईंनी ओढणी गुडघ्यांवर ओढून घेतली. गुरू म्हणाल्या, "चल गं, मेडिकलमधून मलम घेऊ."

तेवढ्यात मेडिसिनच्या रेसिडेंट मॅडम आल्या. "नाव काय लिहू तुमचं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुखणं कधीपासून, दम लागतो का, हे झाल्यावर त्यांनी विचारलं, "गोळ्या कुठल्या घेता?"

ताईंनी पर्समधून स्ट्रिप काढली. गर्भनिरोधक गोळ्या. छाती भरावी म्हणून रोज चार-पाच, आठ महिने. मैत्रिणीने सांगितलं होतं. त्याआधी त्या दोन डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. एकाने "हे आमच्याकडे होत नाही" म्हटलं, दुसरा हसला. मेडिकलवाल्याने मात्र काहीच विचारलं नाही.

त्या गोळीत इथिनिल इस्ट्राडिओल असतं. त्याने रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आणि गोळी बनवलेली असते दिवसाला एक घेण्यासाठी. स्त्री-हार्मोन द्यायचं तर डॉक्टर साधं इस्ट्राडिओल मोजून देतात, रक्त तपासत राहतात. रक्ताच्या गाठीचा धोका असेल तर त्वचेवरचं जेल किंवा पट्टी वापरतात. मॅडमनी हे मला जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं. डॉपलरमध्ये खोल शिरेत गाठ दिसली. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं. मलम घेऊन त्या घरी गेल्या असत्या, हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

गाठ वाढू नये म्हणून हेपॅरिन सुरू झालं, पण खाट मिळेना. दोन्ही वॉर्ड एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. रात्र पॅसेजमधल्या स्ट्रेचरवर गेली. सकाळी बायकांच्या वॉर्डात पडदा लावून कोपरा मिळाला.

नंतर मी तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा 2019चा कायदा काढून वाचला. हार्मोन उपचार आणि समुपदेशनाची सोय सरकारने करावी, असं त्याच्या 15व्या कलमात स्पष्ट लिहिलंय. मद्रास उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर 2021मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पुस्तकांतला अपमानकारक मजकूर काढायलाही सांगितलं. न्यायवैद्यकाच्या पुस्तकाची माझी प्रत त्याआधीची होती.

घरी जाताना ताईंनी विचारलं, "गोळ्या बंद केल्या. आता काय घेऊ?" मॅडमनी हार्मोनतज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी दिली. ते तज्ज्ञ बसतात त्या शहराला एसटीने सहा तास लागतात, आणि ताईंना खूप वेळ बसून राहायला मनाई होती. तुमच्या जिल्हा रुग्णालयात अशा हार्मोन उपचारांची ओपीडी आहे का, एकदा जाऊन विचारा. नसेल तर लेखी मागा.