तिघं जण आणि एक बेडूक

व्हायोलिनवर बेडूक कसा वाजवायचा? शेजारशेजारच्या दोन तारांवर एकमेकांशी अजिबात न पटणारे दोन सूर एकदम घासायचे. झालं, डराँव! कल्पना माझी नाही, हाइनरिख बिबरच्या नावावर असलेल्या १६६९ सालच्या एका सोनाटामधली आहे. 'सोनाटा रेप्रेझेंटाटिव्हा' असं तिचं भारदस्त नाव. आत काय आहे म्हणाल तर नाइटिंगेल, कुकू, बेडूक, कोंबडा-कोंबडी, लावा पक्षी आणि मांजर. मग बंदूकधारी शिपायांचं एक संचलन, आणि शेवटी एक शांत नृत्य. सगळं मिळून दहा-बारा मिनिटांत.

वाजवणारे बहुतेक वेळा तिघं. एक व्हायोलिन. दुसरं हार्प्सिकॉर्ड, म्हणजे पियानोचं आजोबा. तिसरं चेलो किंवा व्हायोला दा गांबा, पायांत धरून वाजवायचं. गंमत म्हणजे कागदावर दोनच ओळी असतात, एक व्हायोलिनची आणि एक खर्जाची. त्या खर्जाच्या ओळीवरून हार्प्सिकॉर्डवाला बाकीचे स्वर तिथल्या तिथे भरत जातो. व्हायोलिन झाडावर चढून किलबिलत असतं आणि खालचे दोघे निमूटपणे जमीन धरून बसलेले असतात. आपल्याकडे तंबोऱ्याने षड्ज धरून ठेवावा ना, साधारण तसं.

आणि ही वाद्यं बनायची कशाची? व्हायोलिनच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या. गज घोड्याच्या शेपटीच्या केसांचा. हार्प्सिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की आत एक छोटी नखी तार छेडते, ती नखी पक्ष्याच्या पिसाच्या देठाची, बरेचदा कावळ्याच्या जातीतल्या पक्ष्याची. म्हणजे कुकू गात असतो आणि खाली साथीला कावळा असतो! हवेत दमटपणा वाढला की आतड्याच्या तारा लगेच बिनसतात, मग पुन्हा सुरात लावत बसा. निसर्गापासून प्रेरणा वगैरे आपण मोठ्या तोंडाने म्हणतो. इथे निसर्ग प्रेरणा द्यायला लांबून येत नाही, वाद्यातच ठाण मांडून बसलेला असतो.

बरं, बिबर काय वही-पेन्सिल घेऊन रानात बसला होता का? तर बहुधा नाही. १६५० साली रोममध्ये आथानासिउस किर्खर नावाच्या जेझुइट पंडिताने संगीतावर एक जाडजूड ग्रंथ छापला. त्यातल्या एका पानावर पक्ष्यांची चित्रं आणि त्यांचे आवाज चक्क स्वरलिपीत दिले आहेत. नाइटिंगेल, कोंबडा, कोंबडी, कुकू, लावा आणि ग्रीकमध्ये नमस्कार करणारा एक पोपट. बिबरचे पक्षी या पानावरून उडून आलेले आहेत, असं अभ्यासक दाखवून देतात. पोपट तेवढा त्याने घेतला नाही. बेडूक आणि मांजर मात्र त्या पानावर नाहीत. ते आपल्या अंगणातलेच असावेत असं मला आपलं वाटतं.

हे कळल्यावर कुणी म्हणेल, हात्तिच्या, म्हणजे नकलेची नक्कल! आणि आता तर मोबाइलवर खऱ्या नाइटिंगेलचं हुबेहूब ध्वनिमुद्रण एका बोटाच्या अंतरावर आहे. मग तिघांनी बसून त्याची नक्कल कशाला ऐकवायची?

या प्रश्नाचं उत्तर मला जरा वेगळ्या वाटेने मिळालं. गेल्या वर्षी कानांची तपासणी झाली. आलेखाची रेघ चार हजार हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी सरळ चालते आणि पुढे घाट उतरल्यासारखी खाली जाते. वयानुसार होतं असं, काळजी करू नका, असं डॉक्टर म्हणाले. काळजी नाहीच. बोललेलं कळतं, फोन ऐकू येतो. कोकिळेचा पंचम येतो, भारद्वाजाचं खोल घुमणं येतं, पावशाचं 'पेरते व्हा' तर येतंच येतं. गेले ते बारके पक्षी. पियानोची सगळ्यात वरची पट्टी साधारण ४१८६ हर्ट्झची. कित्येक छोट्या पक्ष्यांचं गाणं तिच्याही वर चालतं. म्हणजे नेमकं माझ्या घाटाच्या पलीकडे.

आणि इथे ध्वनिमुद्रणाचा काही उपयोग नाही हो! ते प्रामाणिक असतं. जितका उंच आवाज, तितकाच उंच ऐकवतं. मोबाइलच्या पडद्यावर पक्ष्याचं नाव उमटतं, आणि मला ऐकू येते ती फक्त शांतता.

व्हायोलिनवाला तसा प्रामाणिक नसतो. त्याची सगळ्यात वरची मोकळी तार ६५९ हर्ट्झच्या आसपास, जुन्या पद्धतीने लावली तर अर्धा स्वर आणखी खाली. बोटं वर सरकवली तरी त्याला नाइटिंगेलची सगळी उंची काही गाठता येत नाही. मग तो काय करतो? पक्ष्याला खाली आणतो. स्वर सोडून देतो आणि चाल धरतो, एकच सूर घाईघाईने पुन्हा पुन्हा म्हणणं, मधेच थांबणं, मग एकदम लडी उलगडणं. लाव्याचे ते तीन ठोके धरतो, ज्यांत जर्मन बोलणाऱ्या लोकांना 'देवाला भिऊन राहा' असं ऐकू यायचं. आपल्याला पावशात पेरणीचा निरोप ऐकू येतो, तसंच ते. पक्षी काही सांगत नसतो, पण ऐकणाऱ्याला तो आपल्या भाषेत, आपल्या पट्टीत हवा असतो.

म्हणून ही नक्कल मला आता नक्कल वाटत नाही. पक्ष्याकडे नीट कान देऊन, त्यातलं माणसाला झेपेल तेवढं उचलून, ते दुसऱ्यापर्यंत पोचवायचं. पुस्तकातून आलं म्हणून काय झालं? किर्खरने ऐकलेलं कागदावर उतरवलं, बिबरने कागदावरचं तारेवर चढवलं, आणि साडेतीनशे वर्षांनी माझ्या अर्ध्यामुर्ध्या कानात ते पोचलं. हातोहात आलं, एवढंच.

आमच्या गच्चीसमोरच्या आंब्यावर बांडगूळ आहे, त्यावर फुलटोच्या येतो. अंगठ्याएवढा पक्षी, आवाज त्याहून बारीक. लेकीला येतो ऐकू, मला त्याची नुसती चोच हलताना दिसते. परवा तिला म्हटलं, कसा करतो गं? तिने थोडा वेळ कान दिला आणि मग जिभेने टाळूवर टिक्‌टिक्‌ करून दाखवलं. बऱ्याच खालच्या पट्टीत, जरा हळू, माझ्याकडे बघत.

समजलं मला.