गाठीचे झाले, आता तुमचे सांगा

'पोटाचा कॅन्सर' हे नाव आपण फार सैल वापरतो. माझ्या थोरल्या भावाला, अण्णांना, मोठ्या आतड्याचा निघाला, तर जो तो जठराची, यकृताची औषधे सुचवू लागला. डॉक्टरांनी आधी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. पेशींतली जनुकांच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली असली, तर प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे पुष्कळदा लागू पडतात. २०२२ साली न्यूयॉर्कमध्ये गुदाशयाच्या अशा कॅन्सरवर हे उपचार पूर्ण केलेल्या पहिल्या १२ रुग्णांच्या गाठी तेवढ्यावरच दिसेनाशा झाल्या. अण्णांची गाठ त्या जातीची नव्हती. शस्त्रक्रिया व केमोथेरपीच वाट्याला आली.

मग डॉक्टर म्हणाले, "गाठीचे झाले, आता तुमचे सांगा." वजन किती उतरले, झोप लागते का, रांधते कोण? वहिनींचे माहेर बैलहोंगलचे. पथ्य त्यांना कानडीतून समजावले. म्हणूनच, माझ्या मते, ते पाळले गेले. केमोथेरपी संपल्यावर चालण्याचे वेळापत्रक मिळाले. तेही औषधच. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, याच कॅन्सरवरील चाचणीत ३ वर्षे देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्या गटात ५ वर्षांनी सुमारे ८० टक्के रुग्ण रोगमुक्त होते. नुसती पुस्तिका मिळालेल्यांत ७४. अण्णा कुरकुरतात, पण धोतर सावरून रोज निघतात. या वर्षात दोन जोड चपला झिजल्या.