मामूंची वही

मुलांनो, मुंबईची जुनी काळी-पिवळी टॅक्सी तुम्ही चित्रात किंवा सिनेमात पाहिली असेल. ती प्रीमियर पद्मिनी. ऑक्टोबर 2023 मध्ये या टॅक्सीने मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. ही गाडी बनत असे ती आमच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात. आधी तिला फियाट म्हणत. पद्मिनी हे नाव 1970 नंतरचे. पण मला सांगायचे आहे ते माझ्या मामूंविषयी. या गाड्यांवर त्यांचा फार जीव होता.

मामूंचा कुर्ल्यात एक लहानसा गाळा होता. पोटासाठी ते टॅक्सी दुरुस्त करत. उरलेल्या वेळात 1960 च्या सुमाराची एक फियाट 1100 पुन्हा उभी करत. ती त्यांनी भंगाराच्या भावाने घेतली होती. पत्रा गंजलेला, सीट उंदरांनी कुरतडलेली. शेजारी हसत. मामू म्हणत, "इंजिन जाम नाही ना? मग झाले." सुट्या भागांसाठी ते सीएसटी रोडवरच्या दुकानांत तासन्‌तास फिरत. दाराच्या एका मुठीसाठी चार महिने थांबले. दुसऱ्या गाडीची मूठ सहज बसली असती, पण ते ऐकायला तयार नव्हते. शाळेतून आले की पाने उचलून देण्याचे काम माझे.

2000 साली माझ्या नानीला लकवा झाला. उजवे अंग लुळे पडले, बोलणे जवळजवळ थांबले. मी तेव्हा चौथीत होते. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावले, "दर दोन तासांनी कूस बदला." एकाच जागी भार राहिला की तिथला रक्तपुरवठा थांबतो, कातडी मरते आणि जखम होते. ती लवकर भरत नाही. मामूंनी दुसऱ्याच दिवशी गाळ्याची वेळ बदलली. नानीचे न्हाणे-कपडे अम्मी करत असे. बाकी सगळे मामू. रात्रीही ते गजर लावून उठत. चादरीवर तळहात फिरवून सुरकुती शोधत. पत्र्यावरचा खड्डाही ते असाच शोधत. "डोळ्यांना दिसत नाही ते हाताला कळते," असे मला सांगत. नानीला पाण्याचा ठसका लागे. म्हणून तिला सरळ बसवायचे, घट्टसर दलिया अर्धा चमचा द्यायचा, तो गिळेपर्यंत पुढचा चमचा उचलायचा नाही. एकेक जेवण पाऊण तास चाले.

नातेवाईक म्हणत, "हे बायकांचे काम. तू धंदा सांभाळ." मामू वाद घालत नसत. धंदा मात्र खरोखरच बसला. दुपारी गाळा बंद दिसला की टॅक्सीवाले दुसरीकडे जात. दोन वर्षांत गिऱ्हाईक निम्मे झाले. त्याच सुमारास एक गृहस्थ ती फियाट विकत मागायला आले. चित्रीकरणासाठी त्यांना जुन्या गाड्या लागत. पैसे चांगले देत होते. अम्मी म्हणाली, "भाईजान, देऊन टाका." मामूंनी नकार दिला. मला तेव्हा तो हट्ट वाटला; खरे सांगायचे तर आजही थोडासा वाटतो.

कारण कळले ते 2003 च्या थंडीत. त्या जुन्या फियाटच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असत, त्यामुळे दार उलटे उघडे. चालत्या गाडीत असे दार धोक्याचे, म्हणून पुढे ती पद्धत बंद झाली. पण उभ्या गाडीत आजारी माणसाला बसवायचे असेल तर ते दार आडवे येत नाही. मामूंनी नानीला खुर्चीतून उचलले, आधी सीटवर बसवले, मग एकेक पाय आत घेतला. तीन वर्षांनी नानी गल्लीबाहेर पडत होती. फजरच्या नमाजनंतर, रस्ते रिकामे असताना, आम्ही वांद्र्याला बँडस्टँडवर गेलो. समोर समुद्र होता. नानीने तो पाहिला, मग डावा हात पुढे करून गाडीच्या समोरच्या पत्र्यावर बोट फिरवले आणि त्यावरची धूळ मामूंना दाखवली. मामू इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला.

2006 साली नानीचा इंतिकाल झाला. सहा वर्षांत तिच्या पाठीवर एकही जखम झाली नव्हती. गाडी मामूंनी नंतर विकली. 2021 मध्ये मामूही गेले.

त्यांची एक वही माझ्याकडे आहे. काम ते एका मराठी मिस्त्रींच्या हाताखाली शिकले होते, म्हणून गाडीच्या नोंदी मराठीत, डावीकडून सुरू होतात. नानीच्या नोंदी उर्दूत, उजवीकडून. तुमच्याही दप्तरात दोन बाजूंनी उघडणारी पुस्तके असतात, तेव्हा हे तुम्हांला वेगळे समजवायला नको. वहीच्या मध्यावर दोन्ही नोंदी समोरासमोर येतात. डाव्या पानावर लिहिले आहे, "कार्ब्युरेटर साफ केला. अजून धूर." आणि उजव्या पानावर, "रात्री 2 वाजता डावी कूस. पाठ कोरडी. 4 वाजता उजवी कूस."