मामांची जीप आणि 'एफ'ची सही

लोक असोद्याला येतात ते बहिणाबाईंचं जन्मगाव पाहायला, नाहीतर भरताची वांगी न्यायला. मी मात्र लहानपणापासून तिथे जात आलो तो मामांची जीप ढकलायला. आजोबांनी लष्करी लिलावात घेतलेली ही जीप. तिची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली! त्या भीतीने मामांनी बिडी सोडली. मामीच्या नवसांना जे जमलं नाही, ते अमेरिकेने करून दाखवलं.

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच नमुन्याच्या सहा लाखांवर जीपा बांधल्या. जुळ्या बहिणीच म्हणा ना! फरक एवढाच, की फोर्डवाले आपल्या बोल्टांवरसुद्धा 'एफ' हे अक्षर उमटवीत. पूर्वी दर दसऱ्याला मामांच्या दारात पाच-सहा जुन्या जीपा जमत. झेंडूच्या माळा घातल्या, की सगळे मालक बॉनेट उघडून आत डोकी खुपसत आणि नखाने वंगण खरवडून एफ शोधत. मी पडलो बी.कॉम. यंत्रातलं काही कळत नाही. पण सही पडताळणं हा माझा धंदाच! त्यामुळे तिथे मला मान होता.

धुळ्याच्या मास्तरांचं म्हणणं, मामांच्या जीपमध्ये फोर्डचा माल आहे. मामा म्हणत, अस्सल विलीज. हा वाद तीस वर्षं चालला. त्यावर मामीने किती किटल्या चहा केला असेल, त्याचा हिशेब आमच्या बँकेलाही लागायचा नाही.

२०२१ साली सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नियम केले. वीस हजार रुपये भरा, दहा वर्षांची नोंदणी घ्या. मात्र गाडी बाहेर काढायची ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल नाहीतर दुरुस्ती यांसाठीच. म्हणजे जत्रेला जायची परवानगी मिळाली आणि इकडे जत्राच उठली! पूर्वी सुट्या भागांची अदलाबदल करायला तरी जमावं लागे; आता ते घरबसल्या येतात. गेल्या दसऱ्याला दारात दोनच जीपा होत्या. त्यातली एक मामांची, म्हणजे ती काही आलेली नव्हती, होतीच.

बाकीच्यांनी मोबाइलवर फोटो पाठवले. त्यांवर सगळ्यांनी अंगठे उठवले. आमच्या बँकेत अंगठा ज्याला सही येत नाही तो उठवतो. इथे चांगले शिकलेले उठवतात. मास्तरांचे गुडघे धरलेत, त्यांचाही अंगठाच आला. मामा तो बराच वेळ पाहत बसले. मग म्हणाले, "फोटोले वास येतो का रे भो?"

संध्याकाळी मी उगीच बॉनेटखाली हात घातला. नखाला काहीतरी लागलं. वंगण पुसून पाहिलं, तर एफ! स्वच्छ, वळणदार. मामांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हरलो रे भो," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र जिंकल्यासारखा दिसत होता.

मी फोटो काढायला मोबाइल उचलला. मामांनी माझा हात धरला. "फोटो धाडू नको. मास्तरले म्हन, आठी ये अन् सोताच्या नखानं खरवडून पाह्य."

मी लगेच मास्तरांना फोन लावला. म्हटलं, "सही सापडली आहे. कोणाची ते फोनवर सांगता येत नाही. नियमाप्रमाणे पार्टीने समक्ष हजर राहायला हवं."

पलीकडे क्षणभर शांतता. मग मास्तर म्हणाले, "जळगावची बस किती वाजता आहे रे?"