तिथी पाहून समुद्र

आम्ही बेळगावकर घाटमाथ्यावरची माणसे. मलप्रभेच्या डोहात नाही तर मळ्यातल्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेली. समुद्र आमच्यापासून तीन-साडेतीन तासांवर. पहाटे निघून रात्री घरी येता यावे इतका जवळ. त्याचा स्वभाव कळावा इतका जवळ मात्र नाही.

सुट्टी आली की घरोघरी तोच वाद. चोर्ला उतरून गोवा, आंबोली उतरून शिरोडा-वेंगुर्ला, थोडे पुढे मालवण, की लोंढ्यावरून कारवार? आमच्याकडे चिरंजीवांना गोवा हवा, कन्येला मालवण (निमित्त सिंधुदुर्ग किल्ल्याचे, ओढा सुरमईचा), सौभाग्यवतींना शिरोडा. माझे मन कारवारकडे. १८८३ साली तरुण रवींद्रनाथ तिथे जिल्हा न्यायाधीश असलेल्या भावाकडे, सत्येंद्रनाथांकडे, राहिले आणि ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक त्यांनी तिथेच लिहिले. अर्थात शिरोड्यालाही नाही म्हणवत नाही. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ तिथल्या शाळेत होते, १९३० चा मिठाचा सत्याग्रहही तिथला. आणि वेंगुर्ल्याशी तर आमचे जुने नाते. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावच्या छावणीचा माल त्याच बंदरात उतरून घाट चढत असे.

पण किनारा निवडताना ही सारी पुण्याई आता मी बाजूला ठेवतो. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावहून सहलीला गेलेले अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आठ जण बुडाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर बेळगाव आणि कुडाळकडच्या एकाच गोतावळ्यातली माणसे गेली. दोन्ही वेळा गावात चर्चा एकच: पोरे ऐकत नाहीत. मला हे पटत नाही. ऐकायला त्यांना कोणी काही सांगितले होते का? आमच्या शाळांत भरती-ओहोटीचा धडा भूगोलात दोन गुणांना येतो. चंद्राची आकृती मुले सुरेख काढतात. आज दुपारी अडीच वाजता पाणी आत जात असेल की बाहेर येत असेल, हे त्या आकृतीवरून एकालाही सांगता येत नाही.

माझ्या आईला येते. तिचे माहेर रेडीकडचे, शिक्षण चौथी. तिचे गणित असे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती, त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. थोडे मागेपुढे होते, पण कोकणच्या किनाऱ्याला हा हिशेब पुरतो. त्यातही पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी खूप चढते आणि तितकेच खूप ओसरते. अष्टमीला भांग, पाण्याचा जोर कमी.

आता आमची सहल या गणितात बसवून पाहा. पहाटे निघालेली गाडी दहा-अकराला पोचते. नाश्ता, फोटो, गप्पा आणि मग पाण्यात. दिवस पौर्णिमेचा असला तर नेमकी तेव्हाच भरती संपून ओहोटी लागलेली असते आणि संध्याकाळपर्यंत उधाणाचे पाणी आत ओढत राहते. शिवाय आम्हा विहिरीवाल्यांची एक खास खोड: लाटा फुटत नाहीत अशी शांत जागा आम्ही शोधतो. किनाऱ्यावर आलेले पाणी परत आत जाते ते बहुधा त्याच वाटेने. तिथे सापडलेल्याने किनाऱ्याकडे हात मारत दमू नये; किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत त्या ओढीतून बाजूला व्हावे. विहिरीत आडवे जायला जागाच कुठे असते!

आमच्या शाळेतले कन्नडचे शिक्षक मूळचे अंकोल्याचे. त्यांना मी आईचा हिशेब सांगितला तेव्हा ते हसले. म्हणाले, “सर, आमच्याकडेही तिथीच बघतात. उब्बर आणि इळित.” इळि म्हणजे उतर. आता सहलीआधी आम्ही दोघे मिळून फळ्यावर दोन्ही भाषांत तो हिशेब मांडतो. खांब कुणाच्या हद्दीत, यावर साठ-सत्तर वर्षे भांडणाऱ्या आमच्या मुलखात या एका फळ्यावर अजून कोणी हरकत घेतलेली नाही.

यंदा घरी ठरले ते असे: दिवाळीनंतरची अष्टमी. बाराच्या सुमारास ओहोटी संपेल, पुढे पाणी सावकाश चढेल. मुलांना डुंबायचेच आहे, तेव्हा गोवा. तिथल्या प्रमुख किनाऱ्यांवर २००८ पासून पगारी जीवरक्षक आहेत, आणि लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचे हा नियम शिट्टी वाजवून पाळायला लावतात. शिरोडा सौभाग्यवतींसाठी पुढच्या खेपेला. तिथे सुरूच्या सावलीत बसायचे, पाणी घोट्यापर्यंत.

“रविवारी का नाही?” चिरंजीवांनी विचारले.

“रविवारी त्रयोदशी आहे रे,” आई म्हणाली. “उधाण जवळ आलेलं असतं. रजा काढ.”

रजेचा अर्ज त्याने अजून दिलेला नाही. आईने मात्र कालनिर्णयावर अष्टमीभोवती पेन्सिलीने गोल करून ठेवला आहे.