टाकीचा रोजमेळ

नाशिक रोडच्या बिटको चौकाजवळ कापडाचे दुकान असलेल्या एका कुटुंबाने गेल्या मे महिन्यात मांगीतुंगीची यात्रा केली, ती धर्मशाळेत न उतरता, भाड्याच्या कॅरव्हॅनमधून. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून चाकांवरच्या घरांचे अप्रूप आपल्याकडेही वाढले आहे. हट्ट दोन्ही नातवंडांचा होता. शहात्तर वर्षांच्या आजींनी होकार दिला तो एका अटीवर : त्यांचे पाणी रोज गाळून, उकळूनच मिळाले पाहिजे.

गाडीच्या पोटात १२० लिटरची टाकी होती. निघताना ती घराच्या तळटाकीतून भरली. पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी स्टीलच्या दोन कोठ्यांत वेगळे घेतले. मुक्काम ताहाराबादच्या पुढे, मोसम खोऱ्यात, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या डाळिंबाच्या बागेकडेला. तेथे ना नळ, ना विजेची तार. दोन रात्री तेथे काढून तिसऱ्या दिवशी पहाटे दर्शनाला जायचे ठरले होते.

पहिल्या संध्याकाळीच गोंधळ झाला. गाडीतल्या फवाऱ्याखाली मुले मनसोक्त न्हाली. सुनेने घरच्या सवयीने नळ सुरू ठेवून भांडी घासली. रात्री टाकीच्या फलकावरचे चारपैकी दोनच दिवे लागलेले दिसले, तेव्हा शेठजी दचकले. फवाऱ्यातून मिनिटाला सहा लिटर पाणी जाते, हे गाडीवाल्याने सांगितले होते. पण घरी पाण्याचा हिशेब कोण ठेवतो? दुकानात रोजचा मेळ पैशापर्यंत जुळल्याखेरीज शटर न ओढणाऱ्या या गृहस्थाने आयुष्यात प्रथमच पाण्याची रोजकीर्द मांडली. जमा १२०. नावे : स्नान ४०, भांडी १८, शौचालय १०. शिल्लक ५२, आणि पुढे अख्खा एक दिवस, शिवाय दर्शनाआधीचे सर्वांचे स्नान.

सकाळी त्यांनी शेतकऱ्याकडे विहिरीची चौकशी केली. तो त्यांना विहिरीपाशीच घेऊन गेला. तळाशी ओल तेवढी होती. बाग टँकरच्या पाण्यावर जगत होती. “शेठ, दोन हंडे देतो की,” तो म्हणाला. त्या काठावर उभे राहून ‘हो’ म्हणणे शेठजींना जमले नाही. मग बोलता बोलता त्याने जुन्या फड पद्धतीची हकिकत सांगितली. या खोऱ्यात नदीवर बंधारे घालून पाटाने पाणी घेत. जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, आणि पाटकरी पाळीपाळीने पाणी देई. टंचाईच्या साली एखादा फडच सर्वांनी मिळून कोरडा ठेवायचा. कर्जवाटपाचे नियम करणाऱ्यांनीही ही पद्धत पाहावी इतकी ती शहाणपणाची होती.

दुपारी जेवणे झाली. आजींनी नेहमीप्रमाणे ताटात वाटीभर पाणी घेतले, बोटांनी ताट निपटून धुतले आणि ते पाणी पिऊन टाकले. ताट फडक्याने पुसले. घरी नातवंडे याला हसत. त्या दिवशी मात्र मोठ्या नातीने निमूटपणे तसेच केले, मग धाकट्यानेही नाक मुरडत केले. पाच ताटांना पाच वाट्या. उरलेली भांडी दोन टपांत, आधी एकात घासून मग दुसऱ्यात विसळून, सहा लिटरांत निघाली; विसळलेले पाणी शौचालयासाठी बादलीत. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपत असल्याने भांड्यांना रात्र होत नव्हती आणि बॅटरीही वाचत होती. अंगे ओल्या पंचाने पुसली. नळ उघडला की पंपाची घरघर ऐकू येई, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती घरघर सुरू होताच मुले “कोण आहे?” म्हणून ओरडू लागली होती. रात्री शिल्लक ३१.

शेठजी खुशीत म्हणाले, “आई, तुझ्या ताट धुऊन पिण्याने आज पंधरा लिटर तरी वाचले.”

आजींनी गाळणे उलटे करून तांब्यात धुतले. “वाचवायला नाही रे पीत मी. अन्नाचा कण पाण्यात कुजला की त्यात जीव पडतात, म्हणून. पाणी भरपूर असतं तरी प्यायलेच असते.”

शेठजींची लेखणी थांबली. त्यांच्या रकान्यांत या नोंदीला जागा नव्हती.

गाळण्यातली जिवाणी ज्या पाण्यातली, त्याच पाण्यात परत जायची, हा आजींचा नेम. पाणी नाशिक रोडच्या तळटाकीतले. मग जिवाणीही तेथेच. तिच्यासाठी झाकणाचा पितळी तांब्या त्यांनी सोबत आणलाच होता. तिसऱ्या दिवशी पहाटे पाच जणांची स्नाने पाच-पाच लिटरांत झाली. धाकट्याच्या डोळ्यांत साबण राहिला आणि त्याचा हात तांब्याकडे गेला. “तो नको,” नात म्हणाली आणि स्वतःच्या बादलीतला शेवटचा तांब्याभर त्याच्या डोक्यावर ओतला.

ऊन चढण्यापूर्वी १०८ फुटी ऋषभदेवांचे दर्शन झाले. परतताना टाकीत राहिलेले सहा लिटर शेठजींनी एका डाळिंबाच्या बुंध्याशी ओतले आणि वहीत नावे लिहिले. आजी पुढच्या आसनावर बसल्या. तांब्या मांडीवर घेऊन त्यांनी त्याच्या झाकणावर हात ठेवला, तो नाशिक रोडला तळटाकीचे झाकण उघडेपर्यंत.