रस्त्याखालचा रणगाडा

दिएपच्या किनाऱ्यावर पहिल्याच पावलाला माझा घोटा मुरगळला. समोर वाळू नव्हतीच. पार पाण्याच्या रेघेपर्यंत गारगोटे पसरले होते, काही मुठीएवढे, काही नारळाएवढे. पाय टाकला की खालचे गोटे सरकतात, पाय रुततो, तो उपसायला जावं तर दुसरा घसरतो. लाट मागे फिरली की हजारो गोटे एकमेकांवर घरंगळतात आणि त्यांचा खळखळाट सबंध किनाऱ्यावर ऐकू येतो. फ्रान्सच्या या उत्तर कडेला खडूचे पांढरे कडे सरळ समुद्रात उतरतात. त्यांच्या पोटातल्या गारगोट्या समुद्र युगानुयुगं धुऊन, घासून, गोल करून इथे टाकतो आहे. एक गोटा उचलून पाहिला. करडा, गुळगुळीत, वजनाला वाटला त्याहून भारी. खिशात घालावासा वाटला, पण परत ठेवला.

या गोट्यांनी रणगाडे अडवले होते, हे मी वाचून आलो होतो. वाचताना ते पटलं नव्हतं. घोट्याला कळ लागली तेव्हा पटलं.

दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या दिएपवर घातलेल्या छाप्यात, १९ ऑगस्ट १९४२ ला चर्चिल नावाचे ब्रिटिश रणगाडे इथे पहिल्यांदा लढाईत उतरले. ब्रिटिश सैन्यात तेव्हा रणगाड्यांच्या दोन जाती मानत. एक वेगवान, घोडदळाच्या वळणाची. दुसरी पायदळाची: चिलखत जाड, चाल मंद, कारण तिला चालत्या सैनिकाच्या जोडीनं जायचं असे. चर्चिल या दुसऱ्या जातीचा. वजन चाळीस टनांच्या आसपास, पुढचं चिलखत १०२ मिलिमीटर, जास्तीत जास्त वेग ताशी पंचवीस किलोमीटर. १९४० मध्ये डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिश सैन्याची बहुतेक युद्धसामग्री मागे राहिली, त्यानंतर तो इतक्या घाईनं तयार झाला की त्यातले दोष आम्हाला ठाऊक आहेत आणि ते दूर करू, अशी कबुली कारखान्यानंच माहितीपुस्तिकेत छापली होती. असा कागद हाती घेऊन त्या पोलादी पेटीत शिरणाऱ्या पोरांचा मला फार आदर वाटतो.

दिएपला ते रणगाडे कॅनडाच्या कॅलगरी रेजिमेंटचे होते. एकोणतीस उतरवले, त्यातले दोन पाण्यातच बुडाले. तीन रणगाड्यांची नावं कूगर, चीता आणि कॅट. त्यातलं मधलं नाव आपल्याकडून विलायतेत गेलेलं. ते इतक्या दूरच्या गोट्यांत भेटलं तेव्हा क्षणभर थबकलो. गोटे साखळपट्ट्यात आणि चाकांच्या दात्यांत अडकले, पट्टे तुटले, काही रणगाडे जागीच खिळले. जेमतेम पंधरा जण समुद्राची भिंत ओलांडून वरच्या रस्त्यावर पोचले. तिथे गावात शिरणाऱ्या गल्ल्यांच्या तोंडाशी काँक्रीटचे अडथळे होते. ते सुरुंगानं उडवायचं काम ज्या इंजिनिअर सैनिकांचं, त्यातले कितीतरी किनाऱ्यावर उघड्यावरच पडले होते. तरी या रणगाड्यांनी तोफा चालू ठेवल्या, पायदळाला माघार घेता यावी म्हणून. एकही रणगाडा परत गेला नाही. मोहिमेतल्या सुमारे पाच हजार कॅनेडियनांपैकी नऊशेहून अधिक मेले. आता तिथे हिरवळ आहे, मुलं पतंग उडवतात.

आठ महिन्यांनी, एप्रिल १९४३ मध्ये, हाच रणगाडा ट्युनिशियात लाँगस्टॉप टेकडी चढला. नॉर्थ आयरिश हॉर्स या रेजिमेंटचे चर्चिल खडकाळ चढावर पायदळाबरोबर माथ्याला भिडले. रणगाडे इथवर येतील अशी वरच्या जर्मनांची कल्पनाच नव्हती.

पण मला ओढ होती ती वेगळ्याच गोष्टीची. दिएपचा धडा एका कॅनेडियन इंजिनिअर अधिकाऱ्यानं फार साधेपणानं घेतला: सुरुंग लावणाऱ्या माणसाला चिलखताच्या आत बसवा. चर्चिल ऐसपैस होता, शिवाय त्याला दोन्ही बाजूंना दारं होती, म्हणून निवड त्याचीच झाली. त्याची तोफ काढून तिथे आखूड, रुंद तोंडाची उखळी तोफ बसवली. तिचा अठरा किलोंचा गोळा काँक्रीट फोडायचा. मग या रणगाड्यांवर काय काय लादलं! खंदक बुजवायला माणसाच्या उंचीहून मोठी लाकडांची मोळी. मऊ वाळूवर अंथरायला गुंडाळलेलं जाडं कापड, म्हणजे लढाईतल्या पायघड्याच. कुणाच्या डोक्यावर नऊ मीटरचा पूल. काहींचा वरचा फिरता बुरूजच काढला, म्हणजे असा रणगाडा खड्ड्यात उतरून स्वतःच पूल होईल आणि बाकीचे त्याच्या पाठीवरून जातील. आपल्या सैनिकांशीही या रणगाड्यांची गाठ पडली: इटलीत ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर आठव्या भारतीय डिव्हिजनच्या मदतीला चर्चिल रणगाडे होते. त्याच दिवशी, त्याच नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव जखमी सोबत्यांना वाहून नेऊन एकटेच मशीनगनांवर चालून गेले आणि बांधावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना केली. नगर जिल्ह्यातला हा संदेशवाहक. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दिएपहून पश्चिमेला, काँ शहराच्या पुढे कुर्सल गाव लागतं. त्याला लागून ग्रे-सुर-मेर. इथे खरी वाळू आहे. ६ जून १९४४ ला कॅनडाचं सैन्य इथे उतरलं. वाळूच्या टेकाडांमागे फुटलेल्या मोरीमुळे पाण्यानं भरलेला मोठा खड्डा होता. वन चार्ली नावाचा चर्चिल मोळी टाकायला पुढे झाला आणि मोळीपाठोपाठ स्वतःच त्यात गेला. आतली माणसं बाहेर पडून वाळूच्या आडोशाला गेली. तिथेच उखळी तोफेचा गोळा पडला. चौघे गेले.

मागून येणाऱ्या फौजेला थांबायला वेळ नव्हता. दुसऱ्या रणगाड्यानं आपला पूल असा टाकला की त्याला बुडालेल्या वन चार्लीचा आधार मिळाला. वर आणखी मोळ्या, दगडमाती पडली. रस्ता झाला. त्यावरून फौज आत गेली, गाड्या गेल्या. सहा दिवसांनी, १२ जूनला, खुद्द विन्स्टन चर्चिल याच किनाऱ्यावर उतरले. त्यांच्याच नावाचा एक रणगाडा तेव्हा रस्त्याखाली होता. युद्ध संपलं, तरी तो तिथेच राहिला. १९७६ मध्ये, बत्तीस वर्षांनी, त्याला वर काढलं.

आता तो टेकाडांच्या खिंडीपाशी, समुद्राला जाणाऱ्या वाटेच्या कडेला उभा आहे. मी त्याच्याभोवती दोनदा फिरलो. एका बाजूची चाकं मोजली, अकरा. छोटी छोटी, खेळण्यातल्यासारखी. चाळीस टन यांवर तोललेले. बाजूचं चौकोनी दार पाहिलं. आडव्या माणसालाच जेमतेम बाहेर पडता येईल एवढं. पाण्यात बुडताना कुणी कसं बाहेर आलं असेल, हा विचार येताच हात नकळत त्या पत्र्यावर गेला. उन्हानं तो कोमट झाला होता.

मागून एक फ्रेंच आजोबा नातीला घेऊन आले. तिच्या हातात लाल बादली आणि फावडं. मला पाहून आजोबांनी मान लववली, मीही लववली. नातीला रणगाड्याचं काही नव्हतं, ती त्यांचा हात ओढत होती. खिंडीतून दोघं समुद्राकडे उतरले, तसा मीही त्यांच्यामागून निघालो. घोटा अजून दुखत होता, पण इथली वाळू ओली आणि घट्ट होती; चालायला त्रास झाला नाही.